दातांमागची तार

मशीनवाल्या काकांना ऐकू येत नाही हे सगळ्या बाजाराला ठाऊक होतं, आणि म्हणून त्यांच्याशी बोलताना लोक ओरडत. ओरडण्याचा उपयोग शून्य. उलट ओरडणाऱ्याचं तोंड वेडंवाकडं होतं, आणि काकांची सगळी भिस्त तोंडावर. तरुणपणी पत्रे कापायच्या कारखान्यात नोकरी केली, तिथल्या खडखडाटात कान हळूहळू गेले. मग त्यांनी शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान काढलं, कारण मशीन काय म्हणतंय ते कळायला कान लागत नाहीत. तळहात मशीनच्या पाठीवर ठेवायचा आणि चाक फिरवायचं. कुठे अडतंय, कुठे घासतंय, हाताला बरोबर कळतं. माणसांच्या पाठीवर असा हात ठेवत हिंडता येत नाही, म्हणून माणसांचे ओठ वाचायचे.

आता सगळीच तोंडं काही वाचायच्या लायकीची नसतात. समोरच्या मेडिकलवाल्याच्या मिशा ओठांवर छपरासारख्या उतरलेल्या. त्याच्याशी सगळा कारभार चिठ्ठीवर. दुकानालाही आणि घरालाही शेजारी असलेला कुलूपवाला दातात किल्ली धरून बोले. त्याचं बोलणं काकांना कळत नसे, पण ते ऐकू येणाऱ्यांनाही कळत नसे, त्यामुळे काकांना त्याचं वाईट वाटायचं कारण नव्हतं.

घरची गोष्ट निराळी. काकू होत्या तेव्हा त्यांनी घरात दोन नियम घालून दिले होते. एक, घरात चिठ्ठ्या लिहायच्या नाहीत, चिठ्ठ्या परक्यांसाठी. दुसरा, कळलं नाही तर बोट वर करायचं, न कळता मान हलवायची नाही. "मान हलवलीत की मी धरून चालणार कळलं म्हणून, आणि मग पुढचं निस्तरा तुम्ही," असं त्या म्हणत. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती, नियम तेवढे मागे राहिले होते. आणि राहिली होती ठकू.

ठकू म्हणजे त्यांची लेक. तिशीला आली, पार्सल ऑफिसात काउंटरवर बसायला लागली, तरी घरात ठकूच. बाबांच्या मनगटावर दोनदा टकटक करायची, उजेडाकडे तोंड करायचं आणि मगच बोलायचं, हे ती अक्षरं गिरवायच्या आधी शिकली होती. काकू गेल्यावर जगातलं हे एकच तोंड उरलं जे काकांना घडाघडा वाचता येई. रोज जेवताना ती ऑफिसातल्या गमती सांगे आणि काका दिवसभर त्या तासाकडे डोळे लावून बसत.

त्या तोंडात एकच खोट होती. ठकूचे पुढचे दात एकमेकांवर चढलेले होते, बाकावर दोघांच्या जागेत चौघं बसावेत तसे. शाळेत पोरांनी त्यावरून छळलं असणार, कारण तेव्हापासून हसू आलं की तिचा तळहात तोंडावर जाई. आणि गमतीच्या गोष्टीत हसू येतं शेवटी. म्हणजे गोष्टीचा शेवट नेमका हाताच्या मागे.

छत्रीवाल्याचं असंच झालं. कोणी एक गृहस्थ भावाला छत्री पाठवायची म्हणून ऑफिसात आला. तेवढं लांब खोकं मिळेना. ठकूने आणि शिपायाने कागद गुंडाळून, दोऱ्या आवळून कसंबसं पार्सल उभं केलं. पत्ता लिहून झाला आणि बाहेर पाऊस कोसळायला लागला. गृहस्थाने पावसाकडे बघितलं, पार्सलाकडे बघितलं, शांतपणे सगळ्या दोऱ्या सोडल्या, छत्री उघडली आणि चालता झाला. दुसऱ्या दिवशी तीच छत्री घेऊन पुन्हा हजर, आणि म्हणाला काय... इथे ठकूला हसू आवरेना आणि हात वर गेला. तो काय म्हणाला ते काही काकांना दिसलं नाही. काका मात्र पोट धरून हसले. नियमाप्रमाणे बोट वर करायला हवं होतं, पण ऐन हसण्यात बोट वर करणं म्हणजे दुधात मिठाचा खडा. शेवट नाही तर नाही कळला, पोरगी हसतेय ना, बास, असं त्यांनी मनाला सांगितलं.

त्यानंतर काही दिवसांनी एका संध्याकाळी ठकू नेहमीपेक्षा उशिरा घरी आली. चपला काढल्या, बाबांच्या मनगटावर टकटक केली, दिव्याखाली उभी राहिली आणि बोलायला लागली. काकांना एक शब्द कळला नाही.

थोडं निसटलं असं नव्हे. सगळंच निसटलं. ओठ ठकूचेच होते, पण हलत होते कोणा तिऱ्हाइताचे असल्यासारखे. जिभेचं टोक एरवी बोलताना दातांपाशी डोकावून जायचं, ते कुठे दिसेना. ओठ अर्धे उघडत आणि लगेच मिटत. ती बरंच काही सांगत होती, मध्ये एकदा लाजल्यासारखी हसलीही. शेवटी भुवया उंचावून थांबली, म्हणजे काहीतरी विचारलं होतं.

बोट वर करायची हीच वेळ होती. पण काकांचं बोट वर गेलं नाही. बोट वर केलं तर ती पुन्हा सांगेल. पुन्हा कळलं नाही तर? अलीकडे त्यांना बारीक सुईत दोरा ओवायला वेळ लागत होता, ओळखीच्या माणसांची नावं ऐनवेळी आठवत नव्हती. कान गेले तेही असेच गेले होते, पाऊल न वाजवता. आता ओठ वाचायची विद्याही चालली की काय? आणि पहिलं तोंड गेलं तेही ठकूचं? झाकली मूठ सव्वा लाखाची, असा विचार करून त्यांनी मान डोलावली, तोंडभर हसले आणि ताटं मांडायला गेले. पाठीमागे ठकूचा चेहरा कसा झाला ते त्यांनी पाहिलं नाही.

पुढचे काही आठवडे घर गप्प झालं. बहिऱ्या माणसाचं घर गप्प होतं म्हणजे काय, असं कोणी विचारील. पण काकांना विचारा. जेवणावरच्या गमती बंद झाल्या. ठकू दोन शब्द बोले आणि थांबे. ती मऊ भात आणि कुस्करलेला बटाटा खाई, तेही सावकाश, एका बाजूने. भाकरी-पोळीला हात लावत नव्हती. न्हाणीघरात दात घासायला गेली की बाहेर यायचं नाव नाही. एकदा काकांनी तिला आरशापुढे जीभ बाहेर काढून उभी असलेली पाहिली. जिभेची कड लालबुंद सोललेली होती. एका डबीतून ती मेणासारखं काहीतरी बोटावर घेऊन तोंडात लावायची, आणि काका दिसले की डबी मिटायची.

मन चिंती ते वैरी न चिंती. काकांनी दुकानात बसून दोन याद्या मनात तयार केल्या. पहिली, आपल्याला काय झालं असेल याची. दुसरी, ठकूला काय झालं असेल याची. पहिलीतलं सगळं खरं निघालं तरी चालेल, दुसरीतलं काही नको, अशी त्यांनी कोणाची तरी मनधरणीही केली. मेडिकलवाल्याला चिठ्ठी लिहून विचारलं की जीभ सोलते ती कशाने. त्याने उलट चिठ्ठीवर लिहिलं, पुष्कळ कारणं असतात, डॉक्टरला दाखवा. त्या पुष्कळमध्ये नेमकं काय काय येतं ते विचारायची काकांची छाती झाली नाही.

आणि या सगळ्या काळात ठकू काही बोलली की काका नंदीबैलासारखी मान डोलवत होते. एकदा डोलावली की दुसऱ्यांदा न डोलावून चालत नाही. काल कळत होतं आणि आज कळत नाही, असं कसं सांगणार?

मग एक दिवस जेवताना तिने चमचा खाली ठेवला. मनगटावर टकटक केली. अगदी हळू, एकेक शब्द सुटा करून तिने काहीतरी विचारलं. काकांनी जीव डोळ्यांत आणून पाहिलं. काही नाही. तिचे डोळे भरलेले होते तेवढं कळलं. त्यांनी मान हलवली. तिने तेच पुन्हा विचारलं. त्यांनी आणखी जोरात मान हलवली, आणि धीर द्यावा म्हणून तिच्या पाठीवर थोपटलं. ठकू उठून आत गेली. ताटातलं तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी तिने ऑफिसातून सुट्टी घेतली आणि दाराकडे बोट दाखवून काही विचारलं. काकांनी अर्थातच मान हलवली. आपण कुठे निघालो आहोत याचा त्यांना पत्ता नव्हता. न कळता मान हलवणाऱ्याला सगळ्याचीच तयारी ठेवावी लागते. कोणाकडे जायचं असलं तर म्हणून त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. कोणाचं मशीन बघायचं असलं तर म्हणून हत्यारांची पिशवी घेतली. आणि डॉक्टरकडे जायचं असलं तर म्हणून आपल्या डोळ्यांचे जुने कागद खिशात घातले.

डॉक्टरकडेच जायचं होतं. पण मागे पडणारी खुर्ची, वर लोंबता दिवा, ट्रेमध्ये चकचकीत आकडे, आणि खुर्चीत बसली ठकू. म्हणजे दुसरी यादी. डॉक्टरीणबाई तोंडाला पट्टी बांधून काहीतरी बोलत होत्या. पट्टी तेवढी हलत होती. मिशांपेक्षा वाईट. काकांनी हत्यारांची पिशवी पोटाशी धरली.

"तिला काय झालंय ते मला खरं सांगा," ते म्हणाले. इतक्या मोठ्याने की बाहेर बसलेल्यांनी माना वळवल्या. ठकूने सवयीने तळहात खाली दाबल्याची खूण केली, म्हणजे हळू.

डॉक्टरीणबाईंनी पट्टी खाली ओढली. त्यांचं तोंड छापील अक्षरासारखं स्वच्छ होतं. "तिला काही झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "दातांच्या तारा काढून टाकायच्या म्हणून आलात ना? काढून टाक असं तुम्हीच सांगितलंत म्हणाली."

"कसल्या तारा?" काकांनी विचारलं.

ठकूने खुर्चीतून वळून त्यांच्याकडे पाहिलं. मग डॉक्टरीणबाईंनी ठकूला तोंड उघडायला सांगितलं आणि लांब दांड्याचा इवलासा आरसा आत धरला. काकांनी चष्मा सारखा केला आणि मशीनच्या पोटात वाकून बघावं तसे ते वाकले. समोरून बघावं तर दात नेहमीचेच, एकमेकांवर चढलेले. आरशात मात्र प्रत्येक दाताच्या पाठीला एक एक धातूची टिकली चिकटवलेली होती, प्रत्येकीचा घाट निराळा, ज्या त्या दाताच्या मापाचा, आणि सगळ्यांतून ओवलेली एक बारीक तार. वरून कापड साधं दिसावं आणि सगळा कारभार खालच्या बाजूने चाललेला असावा, तसं. काम फार सुबक होतं. दुसरी कोणतीही वेळ असती तर काकांनी वाहवा केली असती.

ठकू खुर्चीतून उठली, त्यांच्या मनगटावर टकटक केली, जरा जोरातच, आणि बोलली. काकांनी पाहिलं. आणि मग, कितीतरी दिवसांनी, त्यांनी बोट वर केलं.

ती थबकली. पुन्हा बोलली. पुन्हा बोट वर. शेवटी डॉक्टरीणबाईंनी तिचे शब्द आपल्या तोंडाने सांगितले. पहिल्याच दिवशी आल्या आल्या तुम्हाला सगळं सांगितलं होतं, म्हणतेय. दाखवू का असं विचारलं, तर तुम्ही मान हलवलीत आणि ताटं मांडायला निघून गेलात. तिला वाटलं तुम्हाला आवडलं नाही, या वयात ही कसली नटायची हौस असं तुमच्या मनात आलं असेल. काल रात्री तिने शेवटचं विचारलं, तुम्हाला इतका त्रास होतो तर काढून टाकू का? तुम्ही दोनदा हो म्हणालात, आणि वर पाठ थोपटलीत.

काकांना खाली बसावंसं वाटलं, पण खुर्ची एकच होती आणि ती दात काढायची होती.

"मला काही कळलं नव्हतं," ते म्हणाले. या वेळी आवाज आपोआपच खाली आला. "त्या दिवसापासून तुझं एक अक्षर कळत नाही. मला वाटलं, माझंच सगळं संपलं."

ठकूचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग लाल झाला. ती रागावली, आणि रागवायचा तिला पूर्ण हक्क होता. आईने एवढा एक नियम घालून दिला, तोही पाळता आला नाही का, असं काहीसं ती बोलत असावी. काकांना शब्द कळत नव्हते, पण राग वाचायला ओठ लागत नाहीत. तो त्यांनी खालमानेने सगळा ऐकून घेतला.

डॉक्टरीणबाईंनी मग मध्ये पडून उरलेली हकिगत सांगितली. तारा बाहेरून लावणं सोपं होतं, स्वस्तही होतं. आतल्या बाजूने लावायच्या हा हट्ट ठकूचा. आपण तिला सगळं आधीच बजावलं होतं: बाहेरून कोणाला दिसणार नाहीत, ओठांना काही होणार नाही, हे खरं, पण जीभ सोलेल, बोलणं काही आठवडे बोबडं होईल, घासून साफ करणं जिकिरीचं, आणि दर वेळी खुर्चीत जास्त वेळ बसावं लागेल. तरी ती म्हणाली, चालेल. बाहेरच्या तारांनी ओठ पुढे येतात, आणि माझे बाबा माझे ओठ वाचतात, ते होते तसेच राहायला हवेत.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. बोल कोणाला लावायचा? बापाला कळावं म्हणून लेकीने ओठ राखले आणि त्यापायी जीभ जायबंदी करून घेतली, आणि बहिऱ्या बापाच्या घरात वाढूनही तिच्या एवढं लक्षात आलं नाही, की बाप नुसते ओठ वाचत नव्हता, सगळं तोंड वाचत होता. तिकडे ऑफिसात फोनवर लोक तिला दहादा "काय म्हणालात?" विचारत होते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार सोसून ती रोज घरी येत होती, आणि घरी बाप मान डोलवत होता. काकांना स्वतःची लाज वाटली आणि त्याहून जास्त तिच्याबद्दल माया दाटून आली.

"आता काय करायचं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. काढायच्या असल्या तर त्या काढून देणार होत्या. ठेवायच्या असल्या तर टोचणारं टोक वळवून देता येईल, जीभ हळूहळू सरावते, घरी मोठ्याने बोलायचा सराव ठेवला की बोलणंही ताळ्यावर येतं.

त्या काकांकडे बघत होत्या. काकांची मान सवयीने हलायला लागली होती, ती त्यांनी जागच्या जागी आवरली आणि ठकूकडे वळले.

"मला नको विचारू. तुला काय पाहिजे?"

ठकूचा हात तोंडाकडे गेला. अर्ध्यावर थांबला. तिने तो खाली घेतला आणि तोंड पुरतं उघडून, सोललेल्या जिभेची पर्वा न करता ती म्हणाली, "मला हसायचंय. हात न लावता."

हे काकांना पहिल्या फटक्यात कळलं.

तारा राहिल्या. डॉक्टरीणबाईंनी एक टोक वळवून दिलं, मेणाची नवी डबी दिली, आणि निघताना काकांच्या पिशवीत काय आहे ते विचारलं. पाना-पकडी, काका म्हणाले. आमच्याकडच्या जरा लहान असतात, बाई म्हणाल्या.

संध्याकाळी काकांनी स्वतः बटाटे कुस्करले. जेवायला बसल्यावर ठकूने बोलायला सुरुवात केली आणि काकांनी बोट वर केलं. तिने पुन्हा सांगितलं. पुन्हा बोट. दाताच्या कण्या करायच्या म्हणजे काय ते ठकूला त्या जेवणात पुरेपूर कळलं. एका वाक्याला इतका वेळ लागला की भात निवला. पण अधूनमधून एखादा शब्द काकांच्या हाती लागू लागला, नव्या मशीनचा पहिला टाका बसावा तसा. तोंड तेच होतं. फक्त पुन्हा पहिल्यापासून शिकायचं होतं, आणि तारा निघतील तेव्हा आणखी एकदा. काकांची काही तक्रार नव्हती.

"एक विचारू?" ते म्हणाले. "त्या छत्रीवाल्याचं शेवटी काय झालं?"

ठकू बघतच राहिली. तेव्हा तर तुम्ही पोट धरून हसला होतात, असं ती म्हणाली. बोट दोनदा वर केल्यावर ते त्यांना कळलं.

"तू हसलीस म्हणून हसलो."

आजवर सांगितलेल्या किती गोष्टींचे शेवट असे हाताआड राहिले असतील, हाच हिशेब तिच्या मनात चालला असणार. मग तिने चमचा बाजूला ठेवला आणि गोष्ट मुळापासून सांगायला घेतली. भाऊ, लांब खोकं, दोऱ्या, पाऊस. दुसऱ्या दिवशी तीच छत्री घेऊन परत आला, इथवर पोचली आणि तिला हसू फुटलं, आणि हात निघाला वर.

काकांनी तो वाटेतच धरला, टेबलावर ठेवला आणि त्यावर आपला तळहात ठेवला. दुसऱ्या हाताचं बोट वर केलं.

ठकूने श्वास घेतला आणि एकेक शब्द त्यांच्यापुढे मांडला. "म्हणाला, 'जरा ओली आहे. वाटेत वाळेल ना?'"

काका हसले, इतक्या मोठ्याने की शेजारच्या कुलूपवाल्याने खिडकी उघडून पाहिलं. हळू म्हणून खुणावायला ठकूचा हात मोकळा नव्हता. ती हसत होती, उघड्या तोंडाने, वाकडे दात सगळे दिसत होते, आणि तिचं हसणं काकांच्या तळहाताला कळत होतं.